एकविसावे नाव

लेखाच्या आरंभीच एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. आम्ही मद्याला जन्मात शिवलो नाही, आणि आता उतारवयात शिवण्याचा संभवही नाही. यात आमचा काही मोठा निग्रह आहे असे वाचकांनी समजू नये. आमच्या आजोळी दारूने एक भरले घर बसलेले आम्ही लहानपणी डोळ्यांनी पाहिले. त्या धास्तीनेच सारे काम केले, उपदेशाला जागाच उरली नाही. असा मनुष्य इंग्लंडातील एका मद्यगृहाच्या रक्षणार्थ काढलेल्या अर्जावर सही करतो, आणि आज दहा वर्षांनंतरही त्याला तिचा पस्तावा होत नाही, ही गोष्ट आमच्या ओळखीच्या मंडळींस चमत्कारिक वाटते. 'विलायतेचे पाणी लागले' असे काहींनी तोंडावर म्हणूनही दाखविले. त्या सहीची हकीकत जशी घडली तशी सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२०१२ साली अध्यापनाच्या निमित्ताने आम्ही सहकुटुंब यॉर्कशायर परगण्यातील एका लहान गावी राहावयास गेलो आणि पुढे चार वर्षे तेथेच राहिलो. चढावरची अरुंद गल्ली, दोहों बाजूंना धुराने काळवंडलेल्या दगडी घरांची एकसारखी रांग, आणि वरच्या टोकाला एक पब, असा आमचा शेजार होता. ज्या कापडगिरणीच्या जिवावर हे गाव वसले ती केव्हाच बंद पडली होती. पोस्ट ऑफिस आम्ही जाण्यापूर्वी गेले. बँकेची शाखा आमच्या देखत गेली. देवळाचे दार रविवारपुरते उघडे. चार माणसांनी पैसे मोजून का होईना, पण एकत्र बसावे अशी जागा म्हणून राहता राहिला तो हा पब.

'पब' हा शब्द आता आपल्याकडेही रूढ झाला आहे; परंतु पुण्यामुंबईत त्या नावाने ज्या अंधाऱ्या व कर्णकर्कश जागा चालतात, त्यांचा या पबशी नावापलीकडे फारसा संबंध नाही. मूळ शब्द 'पब्लिक हाऊस', म्हणजे सर्वांचे घर. आमच्या गल्लीतील त्या घरात एक शेगडी होती, शेगडीपुढे कोणाचा तरी कुत्रा पसरलेला असे, कोपऱ्यात दोन म्हातारे डॉमिनो खेळत, आणि गुरुवारी रात्री प्रश्नोत्तरांची चढाओढ चाले. प्रेतयात्रेहून परतलेली मंडळी तेथे चहा घेत आणि बारशाचा केकही तेथेच कापला जाई. आपल्या खेड्यातील वडाचा पार भिंती घालून व छप्पर चढवून थंडीपासून आडोशाला नेला, तर जे होईल ते हे.

हे सारे आम्हांस पुढे समजले. पहिले सहा महिने आम्ही त्या दारावरून मान खाली घालून जात असू. एके दिवशी आमच्या गैरहजेरीत आलेले पुस्तकांचे पार्सल टपालवाल्याने तेथे ठेवल्याची चिठ्ठी दारात मिळाली, तेव्हा आत पाऊल टाकणे प्राप्तच झाले. पब चालविणाऱ्या बाईंनी पार्सल काढून दिले आणि "बाहेर पाऊस आहे, थांबा थोडे," म्हणून खुर्ची दाखविली. आम्ही मद्य घेत नाही हे सांगताना आमची जीभ अडखळली; त्यांस मात्र त्याचे काहीच वाटले नाही. त्यांनी लिंबू घातलेला सोडा पुढे ठेवला आणि आपल्या कामास लागल्या. शेगडीजवळ त्यांची दहा-अकरा वर्षांची मुलगी शाळेची गणिते सोडवीत बसली होती. दारूच्या दुकानात गणिते सोडविणारे मूल आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिले, आणि घरी येऊन सौभाग्यवतींस ते सांगितल्यावाचून आम्हांस राहवले नाही.

तेथेच आमच्या शेजाऱ्यांची खरी ओळख झाली. हे गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले, वयाने सत्तरीच्या घरातले. पारंपरिक बिअर व स्थानिक पब यांच्या रक्षणासाठी इंग्लंडात जी मोहीम चालते, तिचे ते जवळजवळ आरंभापासूनचे सभासद. मद्य न घेणारा श्रोता मिळाल्याचा त्यांस मोठा आनंद झाला. कारण घेणारे ऐकत नाहीत अशी त्यांची तक्रार होती. एकदा बाईंची परवानगी काढून ते आम्हांस तळघरात घेऊन गेले.

पाहिले ते असे. थंडगार, चुना दिलेल्या खोलीत लाकडी घडवंच्यांवर बिअरची पिंपे आडवी निजविलेली होती. लहान पिंपात नऊ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट मावतात. सातूला मोड आणून तो भाजावयाचा, त्याचा काढा हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांसह उकळावयाचा, आणि मग यीस्ट घालून आंबवावयाचा, इतके काम कारखान्यात होते. परंतु ही जी जुन्या तऱ्हेची बिअर, तीत यीस्ट जिवंतच ठेवून तिला पिंपात भरतात, आणि आंबण्याची शेवटली क्रिया पबच्या तळघरात पुरी होते. पिंप आले की ते हलवावयाचे नाही. वरच्या छिद्रात सच्छिद्र लाकडाची खुंटी बसवून आतला वायू हळूहळू जाऊ द्यावयाचा. तो पुरेसा गेला म्हणजे घट्ट लाकडाची खुंटी बसवावयाची. माशाच्या वाताशयापासून केलेला एक पदार्थ घातलेला असतो, त्याने गाळ तळाशी बसतो. खोलीची उष्णता ११ ते १३ अंशांच्या दरम्यान राखावी लागते. एकदा पिंपाला तोटी ठोकून बिअर काढू लागले की आत हवा शिरते, आणि तीनेक दिवसांत ते संपले नाही तर बिअर आंबट होऊन टाकून द्यावी लागते.

"म्हणजे हे कारखान्यात अर्धेच होते," आम्ही म्हणालो.

"अर्धे येथे होते," शेजारी म्हणाले, "आणि ते करावयास माणूस लागते."

आम्हांस आमच्या आईचे विरजण आठवले. उन्हाळ्यात ते लवकर लागते, थंडीत भांडे गोधडीत गुंडाळून ठेवावे लागते. एक दिवस हयगय झाली की दही तार धरते किंवा आंबते. दह्याचा तयार डबा आणला तर यातले काही करावे लागत नाही, आणि तो डबा आठवडाभर बिघडतही नाही. जे जिवंत असते त्याचीच निगा राखावी लागते. इतके कळावयास मद्याची चव ठाऊक असावी लागत नाही.

वर आल्यावर शेजाऱ्यांनी मोहिमेची हकीकत सांगितली. ती काही आम्ही मागाहून वाचून पडताळून पाहिली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर इंग्लंडातील लहानसहान मद्यकारखाने मोठ्यांनी एकेक करून गिळले, आणि सत्तरच्या सुमारास बहुतेक व्यापार सहा बड्या कंपन्यांच्या हाती गेला. तळघरातली ही सारी यातायात त्यांस परवडेना. त्यांनी बिअर गाळून, तापवून, तिच्यातले यीस्ट मारून, कृत्रिम वायू भरून ती धातूच्या बंद पिंपांतून पाठविण्यास प्रारंभ केला. तीस 'केग' म्हणत. ती नासत नसे, तिला तळघर राखणारा जाणता माणूस लागत नसे, आणि तिची जाहिरात दूरचित्रवाणीवर देशभर एकाच वेळी करता येई. चव सर्वत्र एक. गिऱ्हाइकास काय हवे हे कोणी विचारले नाही. जे पाठविले ते त्याने प्यावे असा सरळ हिशेब होता.

१९७१ च्या मार्चात इंग्लंडच्या वायव्य भागातले चार तरुण आयर्लंडच्या पश्चिम टोकावरील डनक्विन नावाच्या खेड्यात सुटी घालवीत होते. मायकेल हार्डमन, ग्रॅहम लीस, बिल मेलर व जिम मेकिन अशी त्यांची नावे. तेथील एका पबात बसून बिअरच्या अधोगतीविषयी कुरकुर करता करता त्यांनी एक संस्था स्थापन करून टाकली. तिचे पहिले नाव जरा बोजड होते. १९७३ साली ते सुटसुटीत होऊन 'कँपेन फॉर रिअल एल', म्हणजे खऱ्या एलसाठी मोहीम, असे झाले. 'एल' हे बिअरच्याच जुन्या प्रकाराचे नाव. पुढे तिच्या आद्याक्षरांवरून लोक तिला 'कॅमरा' म्हणू लागले. कोणत्या पबात जिवंत बिअर मिळते याची मार्गदर्शिका त्यांनी काढिली. १९७४ च्या आवृत्तीत एका बड्या कंपनीच्या मालाविषयी इतके झोंबणारे शब्द होते की छापणारे घाबरले आणि ते सौम्य करावे लागले. त्या गडबडीने पुस्तकाची प्रसिद्धी दुपटीने झाली हे सांगणे नलगे. १९७७ साली लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये त्यांनी पहिला मोठा राष्ट्रीय बिअर उत्सव भरविला. आज या संस्थेचे सभासद एक लाखाहून अधिक आहेत.

यात आम्हांस विशेष वाटले ते हे, की ही माणसे कोणी मुत्सद्दी नव्हती, कारखानदार नव्हती. ती गिऱ्हाइके होती. 'आम्हांस हे नको, ते हवे' एवढेच त्यांचे म्हणणे. पण ते त्यांनी वर्गणी भरून, पत्रके वाटून, सभांची टिपणे ठेवून, वर्षानुवर्षे म्हटले. आणि बड्या कंपन्यांस ते ऐकावे लागले. जी बिअर पुराणवस्तू होऊ घातली होती ती टिकली, आणि पुढील काळात गावोगाव नवे लहान कारखाने शेकड्यांनी निघाले.

हकीकत येथे संपली असती तर ती गोड झाली असती. परंतु बिअर वाचली आणि ती जेथे प्यावयाची ते घर धोक्यात आले. बड्या कंपन्यांच्या मालकीचेच हजारो पब होते, आणि त्या पबांना आपलाच माल घ्यावयास लावीत. ही मक्तेदारी मोडण्याकरिता १९८९ साली सरकारने फर्मान काढिले: ज्या कारखानदाराकडे २,००० हून अधिक पब असतील त्याने वरच्या पबांपैकी निम्मे या बंधनातून सोडावे. हेतू निर्मळ होता. पण कारखानदारांनी पबच विकून टाकले, आणि ते घेतले ते बिअर न करणाऱ्या, केवळ मालमत्ता बाळगणाऱ्या नव्या कंपन्यांनी. त्यांच्या दृष्टीने पब म्हणजे चांगल्या रस्त्यावरची एक इमारत. ती भाड्यापेक्षा सदनिका करून विकली तर अधिक पैसा देते, असे दिसताच पुढचे सांगावयास नको. त्यात महागाई, कर, आणि मोठ्या दुकानांतून मिळणारी स्वस्त बाटलीबंद दारू यांची भर पडली. १९७० च्या सुमारास त्या देशात सत्तर हजारांहून अधिक पब होते. आज ते पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरले आहेत.

१९४६ साली जॉर्ज ऑर्वेल यांनी लंडनच्या एका सायंदैनिकात आपल्या आवडत्या पबचे वर्णन लिहिले होते, आणि शेवटी असा पब अस्तित्वातच नाही हे कबूल करून टाकले होते. शेजारी म्हणत, "त्यांस निदान नसलेला पब वर्णिता आला. आमच्या नातवंडांस असलेलाही वर्णिता येणार नाही."

२०१४ च्या अखेरीस आमच्या गल्लीतील पबची मालक असलेली कंपनी ती इमारत विकण्याच्या विचारात आहे अशी कुणकुण लागली. शेजारी कागद घेऊन उठले. २०११ च्या स्थानिक सत्तेसंबंधीच्या कायद्याने इंग्लंडातील रहिवाशांस एक हक्क दिला आहे. एखादी इमारत गावाच्या सामाजिक जीवनास उपयोगी आहे असे त्यांनी नगरपालिकेस पटवून दिले, तर तिची नोंद 'समाजास मोलाची मालमत्ता' म्हणून पाच वर्षांकरिता होते. मग मालकास ती विकावयाची झाल्यास अगोदर कळवावे लागते. गावकऱ्यांनी सहा आठवड्यांत इच्छा दर्शविली तर विक्री सहा महिने थांबते, आणि तेवढ्या अवधीत त्यांनी पैसे उभे करावे. मालकाने त्यांसच विकले पाहिजे असे बंधन नाही. श्वास घेण्यापुरती फुरसत मिळते, इतकेच. असा अर्ज नोंदणी नसलेल्या साध्या मंडळास करता येतो. पण मंडळात निदान २१ माणसे मतदारयादीतली हवीत.

गल्ली लहान. कोणी भाडेकरू, ज्यांची नावे यादीत नाहीत. कोणी 'आम्हांला कटकट नको' म्हणणारे. महिनाभर फिरून शेजाऱ्यांपाशी वीस नावे जमली, आणि एके संध्याकाळी ते आमच्या दारी आले. राष्ट्रकुलातील देशांच्या नागरिकांस तेथे राहत असताना मतदारयादीत नाव घालता येते. आमचे नाव तीत होते, आणि हे त्यांस ठाऊक होते.

"तुम्ही तेथे कधी काही प्यायला नाहीत हे मी जाणतो," ते म्हणाले. "कायदा ते विचारीत नाही. तुम्ही येथे राहता की नाही, एवढेच विचारतो."

आम्ही आठ दिवसांची मुदत मागितली. ते काही न बोलता गेले. दार लावताना सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, सही करायची नसेल तर नाही म्हणा, पण म्हाताऱ्याला ताटकळत ठेवू नका."

परंतु नाही म्हणणे आणि हो म्हणणे, दोन्ही आमच्याने होईना. आमच्या डोळ्यांपुढे मामा उभे राहत. मामा एका कचेरीत कारकून होते. अक्षर मोत्यासारखे, आवाज गोड, आणि आम्हां भाच्यांवर जीव. १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्याने मुंबई इलाख्यात दारू मिळणे बंद झाले असे म्हणतात. ज्याला हवी त्याला ती पुढेही मिळत राहिली, हे आमच्या आजोळाने पाहिले. मामांची नोकरी गेली, मग मामींच्या पाटल्या गेल्या, मग घराचा पुढचा भाग गहाण पडला. सेहेचाळिसाव्या वर्षी मामा गेले तेव्हा तेराव्याला लागणारे पैसे आमच्या वडिलांनी दिले. आणि आता त्याच मामांचा भाचा दारूचे घर राखावे म्हणून परक्या देशात नगरपालिकेला अर्ज करणार! ज्या वस्तूने आपले घर मोडले ती दुसऱ्याच्या देशात संस्कृती म्हणून पुजली जाते, एवढ्यावरून तिचे विष उतरते काय?

हे आम्ही शेजाऱ्यांस बोलून दाखविले. त्यांनी ते मुळीच उडवून लावले नाही. "या खोलीत बसून बसून मेलेली दोन माणसे मला माहीत आहेत," ते म्हणाले. "एक माझ्याबरोबर रुळांवर काम करीत होता. पिंपात जिवंत यीस्ट आहे म्हणून दारूची दारू राहत नाही असे मी कधी म्हणणार नाही." त्यांच्या या प्रामाणिकपणाने आमचे काम सोपे होण्याऐवजी अधिकच अवघड झाले.

त्याच आठवड्यातली एक गोष्ट. आम्ही संध्याकाळी पबात शेजाऱ्यांची वाट पाहत बसलो होतो. गल्लीतलाच एक मध्यमवयीन मनुष्य, नुकतीच बायको गेलेला, चौथा का पाचवा पेला मागावयास उठला. बाईंनी त्याच्या रिकाम्या पेल्यावर आपला हात ठेवला. "आज एवढे पुरे," त्या म्हणाल्या. तो कुरकुरला. त्यांनी हात काढला नाही. नशेत असलेल्यास मद्य विकणे तेथे कायद्याने गुन्हा आहे हे खरे. पण त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर कायदा नव्हता. डॉमिनो खेळणाऱ्यांपैकी एकजण उठला, त्याने त्या मनुष्याचा कोट आणला, आणि दोघे मिळून बाहेर पडले.

त्या रविवारी आम्ही पुण्यास आईला फोन केला. एरवी पावसापाण्याच्या चौकशीत पाच मिनिटे जात. त्या दिवशी आम्ही सारेच सांगितले. आई बराच वेळ बोलली नाही. आम्हांस वाटले फोन तुटला.

मग ती म्हणाली, "दादा कधी चारचौघांत प्यायला नाही रे. माडीवर जायचा आणि आतून कडी लावून घ्यायचा. आम्हांला सगळ्यांना ठाऊक होते. आजी जिन्याचे दारसुद्धा लावून घ्यायची, आल्यागेल्याला दिसू नये म्हणून. त्याच्यापेक्षा आम्हांलाच लाज जास्त. वर काय चालले आहे ते बघायला कोणी गेले नाही." थोडे थांबून ती पुन्हा म्हणाली, "सही करायची की नाही ते तू ठरव. मला त्यातले काय कळते? तिथल्या दाराला आतून कडी नाही ना, एवढे मात्र बघ."

दुसऱ्या दिवशी आम्ही एकविसावे नाव लिहिले.

वाचकांनी याचा भलताच अर्थ करू नये. दारू चारचौघांत प्याली म्हणजे निरुपद्रवी होते असा सिद्धान्त आम्ही मांडीत नाही. शेजाऱ्यांच्या त्या दोन माणसांनी तो आधीच खोडून काढला आहे. मामा इंग्लंडात जन्मते तर वाचते, असेही आम्ही म्हणत नाही. आम्हांस एवढेच कळले की पब मोडल्याने त्या गल्लीतली दारू बंद होणार नव्हती. ती मोठ्या दुकानातून स्वस्तात येऊन घरोघर आतून कडी लावून प्याली जाणार होती. जावयाचा होता तो पेल्यावर ठेवलेला हात, आणि कोट आणून देणारा मनुष्य.

अर्ज मान्य झाला. २०१५ च्या वसंतात पबची नोंद झाली. त्याच एप्रिलात लंडनच्या मेडा व्हेल भागात 'कार्लटन टॅव्हर्न' नावाचा जुना पब मालकांनी परवानगीवाचून पाडल्याची बातमी आली, आणि गल्लीत सुतकी कळा पसरली. तो पब होता तसाच पुन्हा बांधून द्यावा असा हुकूम स्थानिक सत्तेने केला, तो टिकला, आणि २०२१ च्या एप्रिलात तो पब नव्या भिंतींनिशी खरोखरच उघडला. २०१७ पासून इंग्लंडात कोणताही पब पाडावयाचा किंवा त्याचे दुकान वा घर करावयाचे तर परवानगी काढणे आवश्यक झाले. असल्या नियमांसाठी मोहिमेच्या लोकांनी वर्षे घालविली होती. नियम झाले म्हणून पब बंद पडावयाचे राहिले असे नाही. निदान ते गुपचूप पाडता येईनासे झाले.

आम्ही २०१६ साली पुण्यास परतलो. परतल्यावर एक बोचणी लागली, ती अद्याप गेलेली नाही. आमच्या तरुणपणी ज्या इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबलावर एका चहावर दोन-दोन तास वाद घालीत आम्ही वाढलो, ते बंद होऊन तेथे एक चकचकीत दुकान उभे राहिले होते. पुण्यामुंबईत असे इराणी एकामागून एक गेले. आपण काय केले? हळहळलो. 'काय तो बनमस्का!' म्हणून लेख लिहिले, आणि शेवटच्या दिवशी जाऊन छायाचित्रे काढिली. तेथे मद्य नव्हते, अब्रूला धक्का नव्हता, घरच्यांची हरकत नव्हती. तरी त्यासाठी एकवीस नावे गोळा करावी असे आम्हांस किंवा आमच्या एकाही मित्रास सुचले नाही. तसा कायदा आपल्याकडे नव्हता, हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही. त्या चार तरुणांपाशी १९७१ साली कोणता कायदा होता?

शेजाऱ्यांची पत्रे येत राहिली. २०१८ साली कंपनीने इमारत विक्रीस काढिली. सहा महिने विक्री थांबली. गावकऱ्यांनी भागभांडवल जमविले, पण ते पुरे पडले नाही. तथापि तेवढ्या अवधीत सदनिका बांधू पाहणारे गिऱ्हाईक कंटाळून निघून गेले, आणि कंपनीने त्याच बाईंशी पुन्हा भाडेपट्टा केला. शेजाऱ्यांनी याला विजय म्हटले नाही. 'अजून उघडा आहे', एवढेच लिहिले.

शेवटले मोठे पत्र २०२० च्या उन्हाळ्यातले. महामारीमुळे २० मार्चला देशातील सारे पब बंद करण्यात आले होते. बंद पिंपांतली केग बिअर काही काळ तशीच टिकली. तळघरातली जिवंत बिअर टिकणारी नव्हती; बाईंनी आणि शेजाऱ्यांनी ती पिंपे एकेक करून मोरीत रिकामी केली. 'खाली अंत्यविधीसारखे वाटले', असे त्यांनी लिहिले होते. ४ जुलैला दारे उघडली, तेव्हा पहिले पिंप दोन दिवस आधी आणून घडवंचीवर निजविले होते.

पत्रासोबत एक कागद होता. नोंदीची पाच वर्षे त्या वसंतात संपली होती आणि ती पुन्हा करावयाची होती. त्या अर्जाच्या यादीची ती नक्कल. पहिल्या यादीतली चार नावे गेली होती, तिघांची मृत्यूने आणि एक आमचे. सौभाग्यवतींनी चष्मा लावून यादी मोठ्याने वाचली. एकविसाव्या क्रमांकावर पब चालविणाऱ्या बाईंच्या मुलीचे नाव होते. तिला अठरा वर्षे पुरी झाली होती, आणि मतदारयादीत तिचे नाव नुकतेच लागले होते.